प्राथमिक शाळेतील शुद्धलेखन आणि आपली घरची बोली

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, विद्यार्थी-गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाच्या चिटणीसांनी ‘गुरुजी, या वर्षी चार शब्द तुम्ही सांगा’ असा आग्रह धरला, तेव्हा प्रथम मी नकारच दिला. व्यासपीठावरून उपदेश करण्याइतकी माझी विद्वत्ता नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यापुढे अध्यापक विद्यालयातील दोन वर्षे, एवढीच माझी शिदोरी. १९८० साली शहापूर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या एका शाळेत मी खडू हाती घेतला आणि २०१८ साली कल्याण तालुक्यातील शाळेतून सेवानिवृत्त झालो. या अडतीस वर्षांत पहिली ते चौथी या इयत्तांपलीकडे मी फारसा गेलो नाही. तेव्हा मोठ्या विषयांच्या वाटेस न जाता, जे मी रोज करीत आलो तेवढ्यावरच बोलावे असे ठरवले. लहान मुलांना शुद्ध लिहावयास कसे शिकवावे, आणि त्या कामी आपण आईबापांनी काय करावे, हा आजचा माझा विषय आहे.

विषय ऐकून काहींच्या कपाळास आठ्या पडल्या असतील. शुद्धलेखन म्हटले की आपणांस लाल शाई, छडी आणि ‘दहा वेळा लिहून आण’ एवढेच आठवते. त्यात आपल्या आगरी समाजाच्या वाट्यास या शब्दाबरोबर थोडा अपमानही आला आहे. शाळेत गेलेल्या आपल्या कित्येक मुलांना ‘तुमची भाषा अशुद्ध’ हे वाक्य ऐकावे लागले. त्या वाक्यात कितपत तथ्य आहे, हेही आज पाहू.

आरंभी एक लहानसा अनुभव सांगतो. गेल्या वर्षी आपल्या गावच्या नाक्यावर एका होतकरू तरुणाच्या वाढदिवसाचा मोठा फलक लागला होता. त्यावर ‘आशीर्वाद’ हा शब्द चुकला होता. कसा चुकला होता, ते मी सांगणार नाही. न सांगण्याचे कारण पुढे येईल. तो शब्द मनातल्या मनात सावकाश म्हणून पाहा : आ, शी, र्, वा, द. ‘शी’ दीर्घ आहे आणि ‘र्’चा उच्चार ‘वा’च्या आधी होतो, म्हणून रफार ‘वा’च्या डोक्यावर बसतो. ज्या अक्षराच्या आधी ‘र्’ ऐकू येतो, त्या अक्षरावर रफार द्यावा, हे दुसरीतल्या मुलाला पाच मिनिटांत समजते. तो फलक लिहिणारे, छापणारे, लावणारे आणि त्याखालून जाणारे आम्ही सारे, कोणासच तो शब्द खटकला नाही, याचे मला वाईट वाटले. परंतु फलक चार दिवसांत उतरतो. काही चुका उतरत नाहीत. तशी एक माझ्या हातून झालेली चूक मी आज आपणांसमोर कबूल करणार आहे.

१९८९ सालच्या जून महिन्यातील गोष्ट. खाडीकाठच्या एका गावी मी पहिलीचा वर्ग चालवीत होतो. आपल्याच समाजातील एक गृहस्थ मुलाचे नाव घालण्यास आले. पावसाचे दिवस, लावणीची घाई, दाराशी दहा-बारा पालक उभे. त्यांनी मुलाचे व स्वतःचे नाव तोंडी सांगितले आणि मी ते शाळेच्या जनरल रजिस्टरात उतरवून घेतले. त्यांच्या स्वतःच्या नावात ‘ळ’ हे अक्षर होते. आपल्या बोलीत ‘ळ’च्या जागी ‘ल’ येतो, हे आपण जाणताच. त्यांनी उच्चार केला तो घरच्या पद्धतीने, आणि मी लिहिले ते ऐकल्याप्रमाणे. माझाही कान त्याच बोलीवर वाढलेला. त्यास काही खटकले नाही. रजिस्टरात ‘ल’ पडला तो पडला.

पुढे तोच मुलगा माझ्यापाशी लिहावयास शिकू लागला. हुशार होता, पण ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ यांत त्याची नेहमी गल्लत होई. एके दिवशी पाटीवर तीच चूक पाचव्यांदा झाली, तेव्हा मी त्याच्या हातावर छडी मारली. त्या वेळी आम्ही शिक्षक असेच वागत असू, आणि त्यात काही गैर आहे असे आम्हांस वाटत नसे. जी चूक मी स्वतः शाईने सरकारी रजिस्टरात केली होती, तिच्याच साठी मी एका सहा वर्षांच्या मुलाला मारले, हे मात्र मला तेव्हा ठाऊक नव्हते. चौथीनंतर तो पुढे शिकला नाही.

२०१२ साली तो माणूस, आता कर्ता पुरुष झालेला, शाळेत आला. बदलीने मी पुन्हा त्याच शाळेत आलो होतो. वडील वारले होते, जमिनीचा काही भाग रस्त्यासाठी संपादित झाला होता आणि मोबदल्याची रक्कम अडली होती. कारण सातबाऱ्यावर वडिलांच्या नावात ‘ळ’ होता आणि मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘ल’. दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत, हे सिद्ध करणे त्याच्यावर येऊन पडले होते. मी कपाटातून जुने रजिस्टर काढले. अक्षर माझे होते. मी ते त्याला दाखवले आणि ही चूक माझी आहे, असे सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. प्रतिज्ञापत्रे, दाखले, राजपत्र आणि हेलपाटे यांत त्याचे दीड वर्ष गेले. जाताना तो एवढेच म्हणाला की, माझी मुलगी यंदा पहिलीत येत आहे, तिचे नाव तेवढे नीट लिहा.

बंधूंनो, त्या दिवसापासून शुद्धलेखन या विषयाकडे पाहण्याची माझी दृष्टी पालटली. तोवर मी त्यास परीक्षेतील पाच गुणांचा विषय समजत होतो. त्या मनुष्याला एका अक्षराने दीड वर्ष फिरवले, आणि ते अक्षर मास्तराने चुकवले होते.

आता ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ या शब्दांचा विचार करू. मराठी लेखनाचे आजचे नियम आभाळातून पडलेले नाहीत. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली निघाले, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी ‘गांव’, ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ असे भरपूर अनुस्वार देऊन लिहीत. आपल्या जिल्ह्याचे नावही ‘ठाणें’ असे लिहिले जाई. ते तेव्हा शुद्धच होते. पुढे उच्चारात नसलेले हे अनुस्वार लिहू नयेत, असे विद्वानांनी एकत्र बसून ठरवले. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम महाराष्ट्र शासनाने मान्य केले, १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली, आणि हे १८ नियम आज शाळेत चालतात. जे आजोबांना बरोबर होते ते नातवाला चूक ठरले. यात आजोबांचा अपराध काही नाही. अमेरिकेतही हेच घडले. नोआ वेबस्टर यांनी १८२८ साली आपला मोठा कोश काढला आणि कित्येक इंग्रजी शब्दांची विलायती स्पेलिंगे त्यात बदलून टाकली. आज दोन्ही देश आपापल्या रीतीने लिहितात आणि कोणाचे काही अडत नाही.

म्हणून ‘शुद्धलेखन’ यापेक्षा ‘प्रमाणलेखन’ हा शब्द अलीकडे योजतात, तो मला अधिक पटतो. प्रमाण म्हणजे माप. आपण भात पिकवणारी आणि मीठ काढणारी माणसे. मापाची गोष्ट आपणांस कोणी शिकवावयास नको. पूर्वी पायलीचे माप गावोगाव थोडे निराळे असे, आणि त्या फरकात नुकसान सोसणारा बहुधा गरीब शेतकरीच असे. १९५६ च्या कायद्यानंतर देशभर किलो आणि लिटर आले. म्हणून आपल्या आजीची पायली अशुद्ध होती काय? नाही. ती घरात चालत होती. परगावच्या बाजारात सर्वांना मान्य असे एक माप हवे होते. लेखनाचेही तसेच आहे. घरी आई ‘पानी’ म्हणते, ते अशुद्ध नाही. ती आपली बोली आहे, आणि त्याच बोलीत आपली धवलगीते आहेत. परंतु अर्ज, दाखला, करारनामा आणि पुस्तक हा चार गावांचा बाजार आहे. तेथे ‘पाणी’ हे माप चालते. मुलाला दोन्ही मापे यावीत, एवढेच माझे म्हणणे आहे.

भाषेवरून माणसाला हिणवण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले यांच्या ग्रंथांवर टीका करताना विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्या व्याकरणाचीही थट्टा केली होती. काळाने काय केले? फुल्यांचे समग्र वाङ्मय १९६९ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले आणि आज ते विद्यापीठांत अभ्यासले जाते. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. त्यांची गाणी १९५२ साली त्यांच्याच बोलीत छापली गेली आणि महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. तेव्हा ज्याच्यापाशी सांगण्यासारखे आहे त्याचे मोल ऱ्हस्व-दीर्घावर ठरत नाही. पण याचा उलटा अर्थ काढून ‘मग नियम कशाला?’ असे म्हणणेही योग्य नव्हे. थोरांचे लेखन शोधून काढणारे लोक असतात. आपल्या मुलाचा अर्ज कारकून चष्मा वर करून एकदाच पाहतो.

आता प्रत्यक्ष शिकवण्याकडे वळतो. माता-भगिनींनी हा भाग विशेष लक्षपूर्वक ऐकावा, अशी विनंती आहे.

पहिली गोष्ट, चुकीचा शब्द मुलाच्या डोळ्यांपुढे आणू नये. फळ्यावर चूक आणि बरोबर अशी दोन रूपे शेजारी लिहून ‘यातील बरोबर कोणते?’ असे विचारण्याची रीत मी पुष्कळ वर्षे पाळली. मुले काय लक्षात ठेवीत? दोन्ही. आठ दिवसांनी कोणते बरोबर होते हे विसरत, आणि चुकीचे रूपही ओळखीचे झालेले असल्यामुळे तेच लिहून जात. मघाशी फलकावरची चूक मी सांगितली नाही ती याच कारणास्तव. वहीत चूक दिसली तर त्यावर फुली मारून ठेवण्याऐवजी ती पुसावी वा झाकावी आणि त्या जागी योग्य रूप मुलाच्याच हाताने लिहवून घ्यावे.

दुसरी गोष्ट, आधी कान आणि मग हात. आपल्या मुलांना ‘ळ’ आणि ‘ण’ लिहिता येत नाहीत, कारण ते त्यांना घरात वेगळे ऐकू आलेले नसतात. त्यांस मारून काय होणार? मी पुढे एक खेळ सुरू केला. अर्थाचा फरक पडतो असे जोडशब्द घेतले : वेळ आणि वेल, काळ आणि काल, मळा आणि मला, कोण आणि कोन, मण आणि मन. मी शब्द उच्चारावयाचा आणि मुलांनी चित्राकडे बोट दाखवावयाचे. ‘वेळ’ म्हटले की घड्याळ, ‘वेल’ म्हटले की काकडीचा वेल. पंधरा दिवस पाटी-पेन्सिलीस हात न लावता नुसते ऐकणे आणि बोलणे. ज्या दिवशी मुलाच्या जिभेवर फरक येतो, त्याच दिवशी तो पाटीवरही उतरतो. असे करताना घरच्या उच्चारास कधी हसू नये. ‘घरी आपण असे म्हणतो, पुस्तकात असे लिहितात’ एवढेच सांगावे.

तिसरी गोष्ट, नियम थोडे आणि ओळखीच्या शब्दांतून. अठरा नियम लहान मुलांपुढे मांडू नयेत. वेलांटी-उकाराचे तीन नियम चौथीपर्यंत पुरतात. एक, शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी किंवा उकार दीर्घ : खाडी, होडी, मासळी, भाकरी, लाडू, विंचू. ‘आणि’सारखे थोडे अपवाद तोंडपाठ करवून घ्यावेत. दोन, शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ : मीठ, पीठ, तीळ, फूल, ऊस, सून, जमीन, विहीर. तीन, अशा शब्दाला प्रत्यय लागला की तोच दीर्घ ऱ्हस्व होतो : मिठाचा, पिठात, तिळाचा, फुलाला, उसाचा, सुनेने, जमिनीवर, विहिरीत. गुण, सुख, विष, मंदिर असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द दुसऱ्या नियमात बसत नाहीत. ते जसे भेटतील तसे सांगावेत, आरंभीच त्यांची यादी पुढे करू नये.

आपल्या मुलांना हा नियम शिकवण्यास एक शब्द पुरेसा आहे. ‘मीठ’ लिहिताना वेलांटी दीर्घ आणि ‘मिठागर’ लिहिताना ऱ्हस्व. मुलांना सांगावे की, मीठ एकटे असले की ऐसपैस बसते. त्याला ‘आगर’ येऊन चिकटले की जागा कमी पडते आणि ते अंग आखडून घेते. हे व्याकरण शास्त्रशुद्ध नाही, हे मी जाणतो. पण ते विसरत नाही. पुढे रेल्वेच्या पाट्या दाखवाव्यात : बदलापूर, पण बदलापुरात, तसेच तालुक्याचे शहापूर, पण शहापुरात. आपल्या भागातील मूल रोज गाडीने जाते, तेव्हा खिडकीतून दिसणारी प्रत्येक पाटी हा फुकटचा धडा आहे.

चौथी गोष्ट, जोडाक्षरांची. ही फार अवघड वाटतात. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीस ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्या बदलामागे जोडाक्षरांची अडचण हेही एक कारण सांगितले गेले होते. माझ्या अनुभवाने जोडाक्षरे अवघड नाहीत, ती शिकवण्याचा क्रम चुकतो. ज्या अक्षरांस काना आहे ती आधी घ्यावीत, म्हणजे काना काढला की अर्धे अक्षर तयार : ग्यान नव्हे, तर रोजचे शब्द, जसे म्हैस, त्याचा, गोष्ट, पुस्तक. मग ‘क’ आणि ‘फ’. मग ‘ट’, ‘ड’, ‘द’ ही गोल अक्षरे. ‘र’ सर्वांत शेवटी, कारण तो चार वेषांत येतो : सूर्य, चक्र, राष्ट्र आणि वाऱ्यावर. खाडीकाठच्या मुलांना मी दोन शब्द आवर्जून देई : ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील दरी एकाहून अधिक. एका रफाराने पाण्यातला माणूस डोंगरात जातो, असे म्हटले की वर्ग हसे आणि शब्द पक्का होई. ‘श’ आणि ‘ष’ यांविषयी एवढे सांगावे की ‘ट’, ‘ठ’ आणि ‘ण’ यांच्या आधी बहुधा पोटफोड्या ‘ष’ येतो : कष्ट, श्रेष्ठ, कृष्ण.

पाचवी आणि शेवटची गोष्ट, श्रुतलेखनाची. आठवड्यातून एकदा वीस ओळी घालण्यापेक्षा रोज पाच शब्द घालावेत. शब्द प्रथम दाखवावा, मुलाने तो मोठ्याने म्हणावा, मग झाकावा, मग लिहावा आणि मग झाकण काढून स्वतःच ताडून पाहावा. ‘पाहा, म्हणा, झाका, लिहा, ताडा’ हे पाच शब्द मी वर्गाच्या भिंतीवर रंगवून घेतले होते. आपली चूक मुलाने स्वतः शोधली तर ती सुधारते. मास्तराने शोधली तर फक्त लाल होते. चुकलेले शब्द प्रत्येकाने एका लहान वहीत योग्य रूपात उतरवावेत. अशा एका वहीत वर्षाअखेर चाळीस-पन्नास शब्दच असतात. त्या मुलाचे शुद्धलेखन म्हणजे तेवढेच शब्द. उरलेली भाषा त्याला येतच असते.

या कामी पुष्कळ साहित्य लागते असे कोणी समजू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, आज पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुलांना शिकवताना पाने, बिया, शिंपले अशा भोवतीच्या वस्तूंचाच उपयोग केला. आपल्या अंगणात तांदळाचे ताट आहे, ओली रेती आहे. बोटाने रेतीत गिरवलेला ‘ळ’ मुलाला आवडतो, आणि चुकला तर हाताने सारखा करता येतो. शाईची चूक राहते, रेतीची राहत नाही.

काही तरुण पालक म्हणतील, ‘गुरुजी, आता मोबाइलच शब्द सुधारून देतो, आणि आमची मुले तर इंग्रजी शाळेत आहेत.’ यंत्र शब्द सुचवते हे खरे. पण ‘वेळ’ हवा की ‘वेल’, ‘घरात’ हवे की ‘घरांत’, हे त्यास सांगणारा माणूस लागतो. एका घराविषयी लिहिताना ‘घरात’, अनेक घरांविषयी लिहिताना ‘घरांत’. दोन्ही शब्द बरोबर असल्यामुळे यंत्र गप्प बसते. इंग्रजी माध्यमाविषयी म्हणाल, तर महाराष्ट्राने २०२० साली कायदा करून सर्व शाळांत मराठी शिकवणे अनिवार्य केले आहे. त्या शाळांतील आपल्या मुलांना मराठी हा आठवड्यातील मोजक्या तासांचा विषय असतो. घरी कोणी लक्ष दिले नाही, तर घरची बोलीही जाईल आणि पुस्तकी मराठीही येणार नाही, अशी मला भीती वाटते. २०२४ साली मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आपण गुलाल उधळला; त्या भाषेत आपल्या नातवाला आजीस चार ओळींचे पत्र लिहिता येते का, हेही एकदा पाहावे.

साधनांची आपल्याकडे उणीव नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे आहे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचे. ठाण्याचेच कै. अरुण फडके यांनी आपले आयुष्य या एका विषयास वाहिले. त्यांचा ‘मराठी लेखन-कोश’ आणि खिशात मावेल असे ‘शुद्धलेखन तुमच्या खिशात’ हे पुस्तक प्रत्येक घरी असावे असे आहे. २०२० साली ते निवर्तले. शंका आली की पुस्तक उघडावे, ही सवय त्यांनी पुष्कळांस लावली. मी स्वतः आजही शंका आली की कोश पाहतो आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. वडील माणूस कोश उघडतो हे मुलाने पाहिले, तर तो दहा उपदेशांहून मोठा धडा होय.

आता मंडळापुढे दोन नम्र सूचना ठेवतो. पहिली, दर वर्षी जून महिन्याच्या आधी मंडळाने गावोगाव एक दिवस असा ठेवावा की, ज्या दिवशी पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी सातबारा, आधारपत्र आणि मुलाचा जन्मदाखला घेऊन यावे, आणि चार लिहिणाऱ्या माणसांनी ती नावे अक्षरशः जुळवून पाहावीत. चूक मूल सहा वर्षांचे असताना सापडली, तर एका अर्जाने निभावते. दुसरी, आज आपण जे शेकडा नव्वद गुण मिळवणाऱ्यांचा सत्कार करतो, तो अवश्य करावा. परंतु चौथीपर्यंतच्या मुलांसाठी श्रुतलेखनाची एक लहानशी स्पर्धाही ठेवावी, आणि त्यात पहिल्या आलेल्याबरोबर, वर्षभरात ज्याने सर्वांत अधिक प्रगती केली त्यासही बक्षीस द्यावे. त्या बक्षिसाची रक्कम माझ्या निवृत्तिवेतनातून दर वर्षी देण्याची माझी इच्छा आहे. मंडळाने ती स्वीकारावी.

शिक्षकबंधूंनाही एक शब्द. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने छडी शाळेबाहेर काढली, हे फार चांगले झाले. मात्र छडी गेली तरी हसणे उरले आहे. वर्गात एका मुलाच्या बोलीला सारे हसतात तेव्हा ते मूल लिहिणे बंद करते. जे मूल लिहितच नाही, त्याच्या चुका आपण सुधारणार कशा?

मघाशी ज्या गृहस्थांची हकीगत सांगितली, त्यांची कन्या २०१२ सालच्या जून महिन्यात माझ्याच वर्गात आली. तिचे नाव लिहिण्यापूर्वी मी सातबारा मागून घेतला, वडिलांचे, आजोबांचे नाव अक्षर अक्षर ताडून पाहिले, लिहिले, आणि वडिलांना वाचून दाखवले. ते स्वतः जेमतेम चौथी शिकलेले. पण त्यांनी रजिस्टर आपल्याकडे फिरवून घेतले आणि त्या ‘ळ’वर बोट ठेवून तो पुन्हा एकदा पाहिला. मग सही केली. सेवाकाळात मी कित्येक तपासण्या दिल्या, पण इतकी काळजीपूर्वक तपासणी माझी कोणी केली नाही.

आपल्या समाजातील प्रत्येक आईबापास आपल्या मुलाच्या नावावर असे बोट ठेवून ते वाचता यावे, एवढीच माझी ईश्वरचरणी प्रार्थना आहे.